दोन थाऊचा फरक

मी मोंटानात बंदूक दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, त्याआधी भोसरीत टूलरूमला होतो. मागच्या ऑक्टोबरात एक सत्तरीचे रँचर सकाळीच आले, काउंटरवर मार्लिन १८९४ ठेवली, म्हणजे लिव्हर ओढून भरायची रायफल, .४४ मॅग्नम काडतुसाची, वडिलांनी १९७२ला घेऊन दिलेली, आणि म्हणाले हिची नळी गेली, विकून टाका. टार्गेटचा कागद सोबत होता. पन्नास यार्डावरून मारलेल्या गोळ्यांची भोकं गोल नव्हतीच, लांबुळकी, म्हणजे बुलेट आडवी होऊन कागदात घुसत होती.

गोळ्या कुठल्या विचारलं तर खोका पुढे केला. हार्ड कास्ट, अँटिमनी नि कथील मिसळून कडक केलेलं शिसं, कडकपणाच्या मापात ब्रिनेल २२. कुरणात ग्रिझली येतात, अस्वलासाठी बुलेट पसरायला नको, खोल जायला हवी म्हणून सगळ्यात कडक घेतल्या, आणि ह्यात चूक काहीच नाही. नाकही चपटं होतं, ते तर हवंच, नळकांडी मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या गोळीच्या प्रायमरला, म्हणजे बार उडवणाऱ्या बुडाच्या टोपीला टेकलेलं असतं, टोकदार असलं तर धक्क्याने बार उडू शकतो.

ह्या मार्लिनचं बरं असतं, लिव्हरचा स्क्रू काढला की बोल्ट मागून निघतो आणि नळी चेंबरकडून, म्हणजे गोळी बसते त्या मागच्या बाजूने साफ करता येते. आत लाइट टाकला तर गोळीला फिरकी देणारे चर दिसतच नव्हते, सगळं शिशाने भरलेलं. जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीच्या तारा गुंडाळल्या (आधी लोहचुंबक लावून बघायचं, बऱ्याच घासण्या आतून लोखंडी असतात) आणि घासत बसलो, तर मिठाईवरच्या वर्खासारखे शिशाचे चकचकीत पापुद्रे बाहेर यायला लागले. दोन तास गेले. शिशाखालची नळी एकदम छान होती हो!

मग नळीचं आतलं माप उमटावं म्हणून गळाला लावतात ते मऊ शिशाचं वजन तेल लावलेल्या नळीतून पितळी रॉडने हळूहळू ठोकत पार केलं आणि त्याला मायक्रोमीटर लावला. ०.४३२ इंच. त्यांच्या गोळ्या ०.४३०. दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश कमी! टूलरूममध्ये एवढ्यावर जॉब परत यायचा.

मऊ बुलेट असती तर दाबाने बुडाशी फुगून चर थोडेफार भरले असते, ही इतकी कडक की फुगतच नाही, मग गरम गॅस बाजूने निसटतो, बुलेटची कड कापतो आणि ते शिसं नळीत चिकटवतो. सगळे कडकपणा किती तेवढंच विचारतात, माप कोणी विचारत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुकानात ०.४३२ च्या, बुडाला तांब्याची टोपी असलेल्या, ब्रिनेल १२ च्या बुलेट होत्या. आधी बिनदारूची एक डमी करून चेंबरमध्ये नीट बसते का पाहिलं, मग वीस भरल्या आणि दुपारी रेंजवर गेलो. पहिल्या पाच तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्यात, भोकं गोल. विसाव्या गोळीनंतर नळीत लाइट टाकला, चर स्वच्छ.

आजोबा बराच वेळ डोळा लावून नळीतच बघत राहिले. जुन्या गोळ्यांमधलं शिसं काढून, वितळवून, मऊ शिसं मिसळून मोठ्या साच्यात परत ओतायचं ठरलं. जाताना ते ठोकून काढलेलं शिसं मागून घेतलं, शर्टाच्या खिशात टाकलं, आणि खोक्यावर मार्करने मोठ्ठं ०.४३२ लिहिलं.