१७.९३

मंगळवार, ११ मार्च

आज आमचे काँक्रीटचे क्यूब फोडले, किती दाब सोसतात ते बघायला. भरले होते ११ फेब्रुवारीला. २८ दिवसांनी फोडायचे असतात, आणि फेब्रुवारीचे दिवसही २८, त्यामुळे तारीखही तीच आली. सकाळी क्युरिंग टँकमध्ये, म्हणजे क्यूब बुडवून ठेवायच्या पाण्याच्या टाकीत, कोपरापर्यंत हात घालून तिन्ही क्यूब वर काढले, फडक्यानं पुसले. ऑइल पेंटनं घातलेला बॅच नंबर पुसट झाला होता, पण वाचता येत होता. १५० मिलिमीटरचा एवढासा ठोकळा, पण आठ किलो भरतो. पोटाशी धरून मशीनपर्यंत नेला की कुर्ता ओला होतो.

मशीनमध्ये क्यूब आडवा करून ठेवायचा असतो. भरताना जी बाजू वर होती ती थापीनं सारखी केलेली असते, साच्याला टेकलेल्या बाजूंइतकी सपाट नसते, म्हणून दाब तिच्यावर द्यायचा नाही. लॅबमधल्या काकांनी लोड सुरू केला. काटा सावकाश सरकत होता. ३०० किलोन्यूटनपर्यंत काहीच नाही. ३५० च्या पुढे कडेला केसाएवढी चीर दिसली, मग एक कपचा सुटून ट्रेमध्ये पडला, आणि ४०५ ला काटा थांबून मागे फिरला. मोठा आवाज होईल म्हणून मी दोन पावलं मागे सरकले होते. आवाज आला तो दबका, कुणी तोंड मिटून कण्हल्यासारखा. कडा झडून गेल्यावर मधे उरलेला भाग डमरूसारखा दिसत होता, पुस्तकातल्या आकृतीत असतो अगदी तसा.

४०५, ३८७, ४१८ किलोन्यूटन. भागिले २२,५०० चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १८, १७.२ आणि १८.५८ न्यूटन. सरासरी १७.९३.

मिक्स एम २० चं होतं. म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन हवेत, आणि खरं म्हणजे सरासरी २० येऊनही भागत नाही. शंभर क्यूब फोडले तर पाचाहून जास्त २० च्या खाली जाऊ नयेत असा त्या आकड्याचा अर्थ आहे. म्हणून डिझाइन करताना सरासरी २६.६ धरावी लागते. आम्ही धरलीही होती. कागदावर सगळं बरोबर होतं.

गटातल्या एकीनं लगेच सीनियरचं जर्नल काढलं. २६.८, २७.४, २७.१. "हेच टाकू. सबमिशनला कोण बघतंय?" तिचा राग नाही आला. फर्स्ट इयरपासून आम्ही सगळेच रीडिंग बसवत आलोय. उत्तर आधी माहीत असतं, मग उलटं गणित करून रीडिंग लिहायची, मधे एखादं जरा हलवायचं म्हणजे खरं वाटतं. मागच्या सेमला लेव्हलिंगमध्ये, म्हणजे जमिनीचे चढउतार मोजताना, मैदानाला फेरी मारून बेंचमार्कवर, सुरुवातीच्या खुणेवर, परत आलो तेव्हा ३५ मिलिमीटरची चूक निघाली होती. ऊन होतं, स्टाफ, ती उंच मोजपट्टी, धरून हात दुखत होते. फील्ड बुकातली एक बॅकसाइट, मागच्या खुणेवरचं रीडिंग, मीच खोडली आणि ३५ नं बदलली. दहापैकी नऊ मार्क पडले. ते नऊ मार्क मला आजही बोचतात.

जर्नलचं पान मी रिकामं ठेवलंय.

निघताना लॅबच्या मागे वाळूचा ढीग दिसला. टँक भरून वाहिली की पाणी त्याच्या बुडाशी जातं. रोज त्याच्यावरून जाते, पण आज थांबले. खालची वाळू मुठीत घेतली तर तिचा गोळा झाला. काकांना विचारून ५०० ग्रॅम वाळू ओव्हनमध्ये ठेवून आले.

बुधवार, १२ मार्च

ओव्हनमधून काढलेली वाळू ४८० ग्रॅम भरली. २० ग्रॅम पाणी उडून गेलं.

भरायच्या दिवशी ढिगात किती ओल होती ते आता कळायचा मार्ग नाही, पण टँक तेव्हाही वाहत होती. तेवढीच धरली तर ९ किलो वाळूबरोबर आम्ही ३६० मिलिलिटर पाणी न मोजता आत घातलं. कणांत मुरलेलं सोडलं तरी ३०० राहतं. सिमेंट ५ किलो, मोजून घातलेलं पाणी अडीच लिटर, म्हणजे वॉटर-सिमेंट रेशो ०.५०. आणि शिवाय तो पाण्याचा मग. माल घट्ट वाटत होता, ठोकायचा रॉड आत जात नव्हता, प्रत्येक थराला ३५ ठोके मारायचे म्हणजे मनगट भरून येतं. मीच म्हणाले होते, अजून थोडं घाला. अर्धा लिटरचा निळा मग होता. सगळं मिळून ३.३ लिटर. भागिले ५. ०.६६.

हा आकडा वहीत लिहिला आणि कितीतरी वेळ बघत बसले. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्याहून जास्तीचं पाणी आतच राहतं, पुढे ते सुकून निघून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. दाब आला की तिथून चिरा जातात. हे मला पाठ होतं, युनिट टेस्टला लिहून मार्कही मिळाले होते. पण त्या पोकळ्या माझ्या हातच्या मगातून आल्या, हे काल काटा मागे फिरला तेव्हा कळलं.

रात्री आप्पांना फोन केला. आप्पा इस्लामपूरकडे गवंडीकाम करतात, पस्तीस वर्षं झाली. मला कॉलेजचा फॉर्म भरताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "सिव्हिल म्हणजे आमचंच काम ना गं?" तरी दोन वर्षांत त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. आज विचारला, "आप्पा, मालात पाणी किती घालायचं ते तुम्ही कसं ठरवता?"

आधी वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "स्लॅबच्या दिवशी पाण्याचा पाइप धरायला मी नवा माणूस कधी ठेवत न्हाई."

"का?"

"माल पातळ असला की समद्यांचाच हात हलका चालतो. घमेलं उचलणाऱ्याचा, वढणाऱ्याचा, माझा बी. सगळी वरडत्यात, पाणी सोड, पाणी सोड. नवं पोरगं असलं की सोडतं. जुना माणूस ऐकून घेतो आन पाइप मुडपून धरतो. पाणी जास्त झालं की वर साय धरती, खाली नुसती खडी. दुसऱ्या दिवशी दिसत न्हाई काय. चार पावसाळ्यानं दिसतंय."

मग त्यांनी विचारलं, "वाळू वली व्हती का?" मी काही सांगायच्या आधीच. ओली वाळू असली की ते पहिल्या मालाला पाणी कमी सोडतात आणि बघतात. किती कमी, ते त्यांना आकड्यात सांगता येत नाही, आणि मला दोन दशांश स्थळांपर्यंत सांगता येतं. पण ११ फेब्रुवारीला त्यांच्यासमोरचा माल बरोबर झाला असता आणि माझा चुकला.

गुरुवार, १३ मार्च

होळी. खोलीच्या मालकीण आजींनी पुरणपोळीला खाली बोलावलं. पुण्यातल्या नारायण पेठेतलं त्यांचं हे सासर, माहेर शनिवार पेठेत नदीजवळ होतं. जर्नलचं सांगत होते तर त्या पोळी लाटता लाटता पानशेतच्या पुरावर आल्या. १२ जुलै १९६१. त्या सातवीत होत्या. धरण पुरतं व्हायचं होतं आणि पाणी साठलं होतं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी पानशेत फुटलं, त्या पाण्यानं पुढे खडकवासल्याचं धरणही गेलं, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी पाहिलं त्यापेक्षा नंतरचा चिखल त्यांच्या जास्त लक्षात आहे. कोठीतल्या ज्वारीत चिखल, देवांवर चिखल, आईच्या लुगड्यांच्या घड्यांमधे चिखल. "धुतलं गं सगळं, पण पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यात भिंतीतून तो वास यायचा," म्हणाल्या.

मग सहज विचारलं, "तुम्हाला शिकवतात का, ते धरण का फुटलं?"

चौकशा, अहवाल, मातीच्या धरणातून पाणी कसं झिरपतं, हे थोडंफार वाचलंय, तेवढं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण हात थांबला होता. त्यांच्यासाठी हा परीक्षेचा प्रश्न नाही. माझ्या आयुष्यात मी जे काही बांधेन त्याच्या खाली किंवा पलीकडे कुणीतरी सातवीतली मुलगी राहत असणार, हे आज पहिल्यांदा असं समोर बसून दिसलं.

वर आले आणि जर्नलचं पान भरलं. १८, १७.२, १८.५८. सरासरी १७.९३. खाली "निष्कर्ष" मधे ओल, मग, ०.६६, सगळं लिहिलं. शाईनं.

शनिवार, १५ मार्च

काल गटातल्या तिघांना पान दाखवलं. एक जण चिडला, कारण चौघांचं जर्नल सारखं नसेल तर ओरलला प्रश्न येणार. बरोबरच आहे त्याचं, येणार. जिनं सीनियरचं जर्नल काढलं होतं तिनं मात्र माझी वही ओढून घेतली आणि भागाकार परत करून पाहिला.

आज सकाळी सरांना दाखवलं. त्यांनी पान दोनदा वाचलं. ओरडले नाहीत, कौतुकही केलं नाही. "मग पुन्हा भरा," एवढंच म्हणाले आणि काकांना साचे द्यायला सांगितलं.

या वेळी वाळू आधी तपासली, ओलीइतकं पाणी कमी केलं. माल घट्टच झाला. दुसऱ्या थराला मनगट दुखायला लागलं, आणि चिडलेला तोच जण म्हणाला, "जरा घालू का?" तो निळा मग माझ्याजवळ होता. मी तो पालथा घातला आणि त्याच्यावर बसले. रॉड त्यानं माझ्या हातातून घेतला आणि उरलेले ठोके मोजत मारले.

साच्यांवर ओलं गोणपाट टाकलंय. उद्या रविवार, पण काका सकाळी नऊला लॅब उघडणार आहेत, साचे सोडवून क्यूब टँकमध्ये टाकायचेत. फोडायची तारीख १२ एप्रिल.

आप्पांचा मेसेज आलाय, व्हॉइस नोट. अजून ऐकली नाही. मागे मिक्सरचा आवाज असणार.