हिप्पोकॅम्पसची कड

इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात काम एकच: एमआरआयच्या एकेका स्लाइसवर माउसने हिप्पोकॅम्पसची, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाची, कड आखायची. पुस्तकातल्या आकृतीत तो समुद्रघोड्यासारखा ठसठशीत दिसतो. शरीररचनाशास्त्रज्ञ अरांझीने १५८७ मध्ये नावही त्यावरूनच दिलं. स्क्रीनवर मात्र नुसत्या करड्या छटा. आमच्या स्कॅनमधला एक व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान त्रिमितीय ठिपका, एक मिलिमीटरचा घन, आणि पुढच्या टोकाला अमिग्डाला हा मेंदूचाच दुसरा भाग अगदी खेटून बसलेला. दोघांमधली सीमा समोरून बघताना मला सापडेचना. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "बाजूने बघ." सॅजिटल दृश्यात अल्व्हिअसची, म्हणजे श्वेतद्रव्याची, बारीक पांढुरकी रेघ उमटली. त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो!

मग पायथॉन. माझी आखणी आणि मॅडमची आखणी किती जुळते हे डाइस गुणांकाने मोजायचं: सामाईक भागाची दुप्पट, भागिले दोन्ही भागांची बेरीज. एका स्कॅनवर उत्तर चक्क शून्य आलं. दोन तास कोड तपासला. चूक कोडमध्ये नव्हतीच, माझी फाइल डावी-उजवी उलटली होती. तेव्हापासून कुठलीही फाइल उघडली की मी आधी हेडरमधली, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतली, दिशा वाचते. हा डावा-उजवा भाग कुणाच्या तरी मेंदूचा असतो.