सूर्यास्ताआधीचा पास्ता

डिसेंबरातला शनिवार. नाशिकजवळच्या विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थाचं दर्शन उरकून सुरतेचं एक जैन कुटुंब आमच्या हॉटेलात उतरलं. सगळ्यांना इटालियनच हवं होतं, पण बजेटं तीन. पोरांना माणशी 400 रुपयांत पिझ्झा. एका जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस, त्यांना गंगापूर धरणाकडे निवांत जागा, खर्चाची फिकीर नाही. आजी-आजोबांना मधल्या दरातलं चाललं असतं, पण चौविहार (सूर्यास्तानंतर अन्न-पाणी न घेण्याचं जैन व्रत) असल्यामुळे जेवण सूर्य मावळायच्या आत हवं. म्हणजे सहाच्या आधी. त्या दरातली मी विचारलेली किचन मात्र सातला सुरू होणार होती.

"जैन (कांदा-लसूण-बटाट्याविना) मिळेल" असं फोनवर सगळेच सांगतात. रिसेप्शनवर बसणाऱ्याने त्यावर थांबू नये, फोन किचनमध्ये द्यायला लावावा. पहिला प्रश्न: रेड सॉस कधी केलाय? सकाळीच पातेलंभर करून ठेवला असेल, तर त्यात कांदा-लसूण पडलेलाच असतो आणि तो नंतर निघत नाही. दुसरा: स्टॉक (भाज्या उकळून काढलेलं पाणी) किंवा त्याचा तयार क्यूब वापरता का? त्यातही बहुधा कांदा असतो, म्हणून स्टॉकमध्ये शिजणारा रिझोतो भात सरळ वगळायचा. न्योकी बटाट्याची, तीही बाद. तिसरा प्रश्न चीजचा, आणि इथे महागडी जागाच जास्त अडचणीची. अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विकर) असतं, नियमच तसा आहे. आपल्याकडची बरीच चीज मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनच्या, रेनेटची असतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायला सांगायचा.

आजींना यीस्टही चालत नव्हतं. पिझ्झा, गार्लिक ब्रेड, सगळं गेलं.

शेवटी आजी-आजोबांसाठी कॉलेज रोडवरचं दिवसभर चालणारं एक साधं कॅफे ठरवलं. चौघांच्या मापाने 400 ग्रॅम सुकी पेने (रव्याची, बिनअंड्याची; ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं), 4 लिटर नवं पाणी, 40 ग्रॅम मीठ. किलोभर टोमॅटो सोलून, ठेचून, ऑलिव्ह तेल आणि बेसिलमध्ये वीसेक मिनिटं आटवायचे. पॅन वेगळा, चमचाही वेगळा. लसणीच्या बटरचा ब्रश जवळपास नको. सवा पाचला ताटं लागली.

पोरांना लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा सुचवला, तिथेच बसून खायच्या अटीवर. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा दीड मिनिटात भाजून निघतो, मध्ये ओलसर असतो. खोक्यात घालून आणला की वाफेने पार लोळागोळा.

जोडप्याचं टेबल मिळालं, पण मेनूत तिरामिसू आणि पन्ना कोत्ता दोनच गोड पदार्थ. तिरामिसूच्या बिस्किटांत अंडं, पन्ना कोत्त्यात प्राण्यांपासूनचं जिलेटिन. शेफ त्याऐवजी समुद्री शेवाळाचं अगर-अगर वापरायला तयार झाला, पण ते सेट व्हायला वेळ लागतो म्हणून दुपारी तीनलाच ऑर्डर पक्की करून घेतली.