खुर्चीतल्या माणसाचं टिपण

रात्रीचे साडेअकरा. दिवसभर पेरूचा मार्क्सवादी विचारवंत मारियातेगी वाचत होतो. पुस्तक मिटलं, पण मन अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयरेसमध्येच अडकलंय.

जून १९२९. तिथे भरलेली लॅटिन अमेरिकेतल्या कम्युनिस्ट पक्षांची पहिली परिषद. पेरूहून दोघे आलेले, डॉक्टर उगो पेसे आणि कामगार हुलिओ पोर्तोकारेरो. ज्याचं टिपण ते घेऊन आले होते तो मारियातेगी मात्र पेरूच्या राजधानीत, लिमात, चाकांच्या खुर्चीत. १९२४ साली त्याचा पाय कापावा लागला होता. एवढा प्रवास त्याला झेपणारा नव्हता.

त्याचं म्हणणं असं की, पेरूतल्या मूळ रहिवाशांचा प्रश्न वंशाचा नाही, नुसता शिक्षणाचाही नाही; तो जमिनीचा आहे. जमीनदाराची मगरमिठी सोडवल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं. उलट कॉमिंटर्नचा, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आग्रह होता स्वयंनिर्णयाचा, म्हणजे केचुआ आणि आयमारा या मूळ रहिवाशांच्या वेगळ्या राज्याचा. त्यावर याने लिहिलं की असं वेगळं राज्य झालं तरी ते भांडवलदारांचंच होईल, आतले सगळे अंतर्विरोध जसेच्या तसे ठेवून. हे वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. आपल्या माणसांना इतकं जवळून ओळखणाऱ्याला दूरच्या शहरातला ठराव पटणार कसा?

पक्षाच्या नावावरूनही टीका झाली. १९२८ साली त्याने काढलेला पक्ष ‘समाजवादी’ होता, ‘कम्युनिस्ट’ नव्हे.

मला खटकतं ते पुढचं. आज काहीजण त्याला मॉस्कोविरुद्धचा बंडखोर ठरवतात. तो तसा नव्हता. तिसऱ्या इंटरनॅशनलवर, म्हणजे कॉमिंटर्नवरच, त्याची निष्ठा होती, आणि तरीही १९२८ सालीच त्याने लिहिलं की लॅटिन अमेरिकेतला समाजवाद ही नक्कल नको, प्रत नको, ती वीरोचित निर्मिती हवी. निष्ठा आणि नकार एकाच छातीत बाळगणं किती जड असतं! आमच्या जुन्या अभ्यासवर्गात ‘ही कुणाची लाइन?’ असा प्रश्न आला की चर्चाच संपायची. मीही गप्प बसलोय अनेकदा. त्याची लाज अजून वाटते.

१६ एप्रिल १९३० रोजी तो गेला, जेमतेम पस्तिशीत. पुढच्याच महिन्यात पक्षाचं नाव बदलून ‘कम्युनिस्ट’ झालं, आणि पुढे त्याच्याच विचारांना ‘विचलन’, म्हणजे पक्षाच्या मार्गावरून ढळणं, म्हटलं गेलं. लिमात पोलिसांचा जाच वाढला होता, म्हणून शेवटच्या महिन्यांत तो कुटुंबासह देश सोडायच्या तयारीत होता. जाणार होता ब्युनोस आयरेसलाच.