प्रोफाइलवरच्या ठरीव याद्या आणि आपण केलेल्या याद्या

वाचनाची नोंद ठेवण्यासाठी मी गेली अनेक वर्षे जे संकेतस्थळ वापरते, तिथे माझ्या प्रोफाइलच्या डाव्या बाजूला, छायाचित्राखाली, माझ्या याद्या एकाखाली एक अशा दिसतात: वाचलेली (४१२), वाचत असलेली (३), वाचायची (२६८), अनुवादित (९७), परत मागायची (१४), पुन्हा वाचण्याजोगी (२२), सोडून दिलेली (३१). सातही ओळींचा टंक एकच, रंग एकच आणि कंसातला आकडा लिहिण्याची तऱ्हाही एकच. मध्यंतरी एका स्नेह्यांनी हे सगळे आकडे मिळवून "८४७ पुस्तकांची नोंद झाली की हो तुमची!" असे कौतुकाने कळवले. वास्तविक माझ्या खात्यावर ६८३ पुस्तके आहेत. त्यांची बेरीज बरोबर होती. ज्यांची बेरीज करायची नसते असे आकडे त्या पानाने त्यांच्यापुढे एका रांगेत मांडले होते, एवढेच.

या सात याद्यांपैकी पहिल्या तीन मी केलेल्या नाहीत. खाते उघडले तेव्हाच त्या तिथे होत्या, प्रत्येक सभासदाकडे त्या असतात, त्यांचे नाव बदलता येत नाही आणि त्या काढूनही टाकता येत नाहीत. त्यांना मी ठरीव याद्या म्हणते. उरलेल्या चार माझ्या. आता कोणती यादी कोणी केली हा भेद वरवरचा आहे. खरा भेद त्या काय सांगतात यात आहे. ठरीव यादी पुस्तकाची अवस्था सांगते आणि अवस्था एका वेळी एकच असू शकते: 'वाचायची'मधले पुस्तक हाती घेतले की ते तिथून निघून 'वाचत असलेली'मध्ये जाते आणि संपले की 'वाचलेली'मध्ये. माझी यादी निवड सांगते, आणि एकच पुस्तक अनुवादित, पुन्हा वाचण्याजोगे आणि शेजारणीकडे अडकलेले असे तिन्ही असू शकते. डेटाबेसमध्ये हा भेद अगदी स्वच्छ असतो. अवस्थेसाठी नोंदीत एक रकाना पुरतो आणि त्यात ठरलेल्या तीन-चार पर्यायांपैकी एक बसतो. स्वतःच्या याद्यांसाठी मात्र वेगळा जोडतक्ता लागतो, ज्याची प्रत्येक ओळ 'हे पुस्तक या यादीत आहे' एवढेच सांगते आणि एका पुस्तकाच्या अशा कितीही ओळी असू शकतात. पान बांधणाऱ्यांना आत जे इतके स्पष्ट ठाऊक असते, ते बाहेर दाखवताना दोन्हींना एकच साचा का लावला जातो, हे मला कधी उमगलेले नाही.

माझ्या आकड्यांतला आणखी एक घोळ याच भेदातून आला. अर्ध्यावर टाकलेल्या पुस्तकांसाठी ठरीव यादीच नव्हती. म्हणून मी 'सोडून दिलेली' ही यादी केली; पण प्रत्येक पुस्तक तीन अवस्थांपैकी एकीत असलेच पाहिजे, या नियमामुळे ती ३१ पुस्तके 'वाचलेली'मध्येही राहिली. त्यामुळे प्रोफाइलवर ४१२ दिसत असले तरी मी पूर्ण वाचलेली पुस्तके ३८१ आहेत. ही फुशारकी मी मारलेली नाही, पण माझ्या नावाखाली ती मारली जाते.

ठरीव याद्या कोणत्या असाव्यात, हे ठरवताना प्रत्येक समुदायाचा स्वभाव दिसतो. २००७ साली सुरू झालेल्या गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाने 'वाचलेली', 'सध्या वाचत असलेली' आणि 'वाचायची आहेत' या तीन शेल्फांवर काम भागवले; मात्र सभासदाने स्वतः केलेले शेल्फही एकमेकांना वगळणाऱ्या गटात टाकण्याची सोय तिथे आहे, म्हणजे सोडून दिलेल्या पुस्तकांचे शेल्फ चौथी अवस्था म्हणून वागू शकते. मायअ‍ॅनिमेलिस्ट या जपानी अ‍ॅनिमेच्या नोंदी ठेवण्याच्या संकेतस्थळावर पाच अवस्था आहेत आणि त्यांत 'थांबवलेली' व 'सोडलेली' या दोन्ही वेगळ्या आहेत. प्रोफाइलवर त्यांची हिरवी, निळी, पिवळी, लाल आणि करडी अशी एक सलग पट्टी दिसते. ही पट्टी मला फार आवडते. अवस्था एकमेकांना वगळतात म्हणूनच त्या एका पट्टीचे भाग होऊ शकतात, आणि पाहणाऱ्याला ही गोष्ट एक अक्षरही न वाचता कळते. स्वतःच्या याद्या अशा पट्टीत बसवून पाहा, त्या बसणारच नाहीत.

बोर्डगेमगीक या पटखेळांच्या जुन्या समुदायाने तर वेगळीच वाट धरली. तिथे 'माझ्याकडे आहे', 'पूर्वी होता', 'अदलाबदलीसाठी', 'खेळायचा आहे' अशा ठरीव खुणा असतात आणि एका खेळावर त्यांपैकी अनेक खुणा एकाच वेळी लागू शकतात, कारण जो खेळ आपल्याकडे आहे तोच अदलाबदलीसाठीही काढलेला असू शकतो. त्यांच्या इच्छायादीला पाच पायऱ्या आहेत. पहिली 'हवाच' आणि पाचवी चक्क 'हा विकत घेऊ नका'. इच्छायादीत अनिच्छेची पायरी ठेवणाऱ्याला माणसे याद्या कशासाठी करतात हे नीट कळलेले असणार. लायब्ररीथिंग हे पुस्तकांची सूची ठेवण्याचे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले आणि २००९ मध्ये तिथे संग्रह ही कल्पना आली. त्यांच्या ठरीव संग्रहांत 'वाचलेली पण मालकीची नसलेली' असाही एक आहे. मालकी आणि वाचन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे एका यादीच्या नावाने मान्य केले.

नावाचा मुद्दा थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे. एकदा मी संकेतस्थळाची भाषा इंग्रजीवरून मराठी केली आणि पहिल्या तीन याद्यांची नावे लगेच मराठी झाली, तर मी पूर्वी इंग्रजीत नाव दिलेल्या याद्या इंग्रजीच राहिल्या. त्या मला एकेक करून बदलाव्या लागल्या. याचे कारण उघड आहे. ठरीव यादीचे नाव हे नावच नसते, ती आत साठवलेली एक खूण असते आणि पाहणाऱ्याच्या भाषेप्रमाणे तिच्यावर पाटी लागते. म्हणून माझे प्रोफाइल एखादा जपानी वाचक उघडेल तेव्हा त्याला माझ्या तीन याद्या जपानीत दिसतील आणि चार मराठीत. आपण दिलेले नाव मात्र आपण टंकले तसेच जगभर दिसत राहते. यात गैर काही नाही. उलट ठरीव यादी सर्वांची आणि दुसरी एकट्या माझी, हे इतक्या प्रामाणिकपणे पानावर दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

क्रमाच्या बाबतीत देवनागरीत नावे देणाऱ्याला काही मासलेवाईक अनुभव येतात. बहुतेक ठिकाणी ठरीव याद्या वर, ठरलेल्या क्रमाने येतात आणि स्वतःच्या याद्या त्यांच्या खाली वर्णानुक्रमे लागतात. हा वर्णानुक्रम पुष्कळदा युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील, क्रमांकांवरून लावलेला असतो, आणि त्या हिशेबाने रोमन लिपीतली सर्व नावे देवनागरीच्या आधी येतात. 'क्ष'ने सुरू होणारे नाव शेवटी जायच्या ऐवजी 'क'मध्येच शिरते, कारण यंत्राच्या लेखी ते क, हलन्त आणि ष असेच असते. 'ळ' तर 'ह'नंतर यायचा, तो 'ल'च्या शेजारी बसतो. एखादी यादी सर्वांत वर यावी म्हणून नावाआधी आकडा घालण्याची युक्ती अनेक सभासद करतात. मी हौसेने देवनागरी 'एक' घातला आणि यादी थेट तळाला गेली. देवनागरी आकडे युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांच्या नंतर येतात, तर इंग्रजी आकडे सर्व अक्षरांच्या आधी. भाषेचे नियम पाळून अनुक्रम लावण्याची तयार साधने उपलब्ध आहेत, पण ती वापरायला कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. यादीच्या वेबपत्त्याचेही असेच: 'कविता' हे नाव यंत्राच्या हिशेबाने पाच चिन्हांचे, प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणून ती यादी कुणाला पाठवायची झाली की पाच चिन्हांच्या जागी ४५ अक्षरांची लांबलचक शेपटी जाते. हे सारे टाळायचा साधा उपाय म्हणजे याद्या हाताने उचलून हव्या त्या जागी ठेवू देणे, आणि जिथे ही सोय आहे तिथे नावांपुढची अशी आकड्यांची कसरत कुणाला करावी लागत नाही.

रिकाम्या याद्यांचे काय करावे, यावर माझे मत ठाम आहे. 'वाचत असलेली (०)' ही माहिती आहे. सध्या या माणसाच्या हातात पुस्तक नाही, असे ती सांगते, म्हणून ठरीव यादी रिकामी असली तरी दिसावी. स्वतःची रिकामी यादी पाहुण्याला काहीच सांगत नाही, ती मालकाला दिसली तरी पुरे.

आतापर्यंत ज्या ठरीव याद्यांविषयी लिहिले त्या सभासदाने हाताने भरायच्या असतात. पक्षीनिरीक्षकांच्या ईबर्डवर, जे २००२ पासून चालू आहे, निराळा प्रकार आहे. तिथे आपण ठिकाण, वेळ आणि दिसलेले पक्षी अशी निरीक्षणे नोंदवतो आणि आयुष्यभराची यादी, वर्षाची यादी, प्रदेशाची यादी या सगळ्या त्या नोंदींतून आपोआप तयार होतात. प्रोफाइलवरचा जातींचा आकडा म्हणजे उत्तर असते, नोंद नव्हे. त्यामुळे एक गमतीची गोष्ट घडते: वर्गीकरण दरवर्षी अद्ययावत केले जाते आणि एका जातीच्या दोन जाती झाल्या तर, दोन्ही पाहून झालेल्या माणसाचा आकडा घरात बसल्याबसल्या एकाने वाढतो. उलटही होते. २०२४ मध्ये कॉमन, होअरी आणि लेसर हे तीन रेडपोल एका जातीत विलीन झाले, आणि तिन्ही पाहिलेल्या निरीक्षकाच्या यादीतून दोन जाती एका रात्रीत कमी झाल्या. अशा यादीला हात लावता येत नाही, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. पण मग प्रोफाइलवर ती हाताने केलेल्या यादीसारखी दिसता कामा नये. निदान आकडा कुठून आला, हे सांगणारी एक बारीक ओळ तिच्याखाली असावी.

चित्रपटांच्या लेटरबॉक्सडवर ही सरमिसळ पुष्कळच टळली आहे. प्रोफाइलच्या माथ्यावर चार आवडत्या चित्रपटांची पोस्टरे, पाहायच्या चित्रपटांची वॉचलिस्ट वेगळी, पाहिलेल्यांची तारीखवार डायरी वेगळी आणि सभासदाने केलेल्या याद्या पुन्हा वेगळ्या. वॉचलिस्टमधला चित्रपट पाहिल्याची नोंद केली की तो तिथून आपोआप निघतो, म्हणजे ती अवस्थेसारखी वागते. सभासदाच्या यादीला शीर्षक असते, वर्णन असते, हवे तर क्रमांक असतात, आणि बाहेरून ती पहिल्या काही पोस्टरांच्या एकमेकांवर किंचित सरकवलेल्या चळतीसारखी दिसते. चळत दिसताच, ही कुणीतरी बसून रचलेली वस्तू आहे हे समजते. चार या आकड्याची टंचाईही मला मान्य आहे. चौदा जागा असत्या तर कुणी एवढा विचार केला नसता.

राहिला प्रश्न कोणाला काय दिसावे याचा. ठरीव यादी उघडी असली तरी सहसा बिघडत नाही, कारण तिचे नाव निरुपद्रवी असते. स्वतःच्या यादीचे नाव आपण बहुधा स्वतःशी बोलल्यासारखे ठेवतो आणि ते प्रोफाइलवर टांगले जाते, हे विसरून जातो. माझ्या 'परत मागायची' या यादीत मी पंधरावे पुस्तक टाकले त्या दिवशी 'अमुक पुस्तक परत मागायची या यादीत घातले' अशी सूचना माझ्या सर्व मित्रयादीला गेली, आणि ज्या मैत्रिणीकडे ते पुस्तक होते ती अर्थातच त्या मित्रयादीत होती. तिचा निरोप आला: "अगं, नुसतं सांगितलं असतंस तरी दिलं असतं, गावाला कशाला कळवलंस?" त्या संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आली, म्हणून आकडा पुन्हा १४ झाला. त्या वेळी सेटिंगमध्ये पाहिले तर संपूर्ण प्रोफाइल उघडे किंवा संपूर्ण बंद, असे दोनच पर्याय होते. प्रत्येक यादीला स्वतःची दृश्यता असणे आणि नवी यादी मुळात खासगी असणे, एवढे तरी या प्रकारात हवेच. उघडी करायची असेल तो करील.

अलीकडे त्या संकेतस्थळाने एक बदल केला आहे: स्वतःची यादी अवस्था म्हणून वापरण्याची खूण आली. मी 'सोडून दिलेली'पुढच्या चौकटीत ती खूण केली, पान पुन्हा उघडले आणि 'वाचलेली'चा आकडा ३८१ झाला. दृश्यतेची सोय अजून आलेली नाही, त्यामुळे 'परत मागायची' या यादीचे नाव मी बदलून 'इतरत्र असलेली' असे ठेवले. तिच्यात अजून १४ पुस्तके आहेत.