भुलेश्वरचा कवडसा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई आठ महिने घराबाहेर पडली ती फक्त दवाखान्यात जायला. काशीला नेईन, चार दिवस कोकणात नेईन, असं मी दर सुट्टीला म्हणायचे आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. मोठ्या प्रवासाची वाट बघण्यात तिचे हे महिने मी वाया घालवले, याची रुखरुख अजून जात नाही. शेवटी एका मंगळवारी रजा टाकली आणि सकाळी तिला म्हटलं, "आवर, भुलेश्वरला जाऊ. संध्याकाळी घरी."

भुलेश्वर म्हणजे यवतजवळच्या डोंगरावरचं शंकराचं देऊळ. पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर धरली. चहा-बिस्किटाच्या पैशांत दोघींचं तिकीट निघालं. आईला खिडकी मिळाली. मांजरी, लोणी, उरुळी... प्रत्येक पाटी ती मोठ्याने वाचत होती. यवतला उतरल्यावर फलाटावरच थबकली. तुकोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो आणि अख्खं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. लग्नाआधी ती आजीबरोबर एकदा वारीत चालली होती. "पाय सुजले होते गं," म्हणाली, "पण ते पिठलं अजून जिभेवर आहे."

स्टेशनबाहेर रिक्षा ठरवली. रिक्षावाले दादा वाटेतच म्हणाले, "मावशी, आत जिना अंधारा आहे. सावकाश चढा, मी थांबतो." आणि खरंच थांबले, एकदाही हॉर्न न वाजवता.

बाहेरून बघितलं तर हे देऊळ वाटतच नाही. तटबंदी, बुरूज, वर घुमट. 1630 च्या सुमारास ज्या आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, त्यानेच हा दौलतमंगळ किल्ला बांधला. देऊळ त्याच्याही कितीतरी आधीचं, यादवांच्या काळातलं. आत शिरलं की समोर आंधळी भिंत आणि बाजूने अरुंद जिना. आईने एक हात भिंतीवर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. मी मोजत होते ते पायऱ्या नव्हे, तिचे श्वास.

वर आलो आणि नंदी दिसला. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. आज आम्ही दोघी, पारवे आणि एक म्हातारे गुरव. आईला भिंतीवरचं काही नीट दिसेना. मोबाईलच्या बॅटरीने सगळा दगड नुसता पांढरा पडत होता. गुरवबाबा उठले, स्टीलची ताटली पदराने पुसावी तशी उपरण्याने पुसली आणि उन्हाच्या पट्ट्यात तिरकी धरली. भिंतीवर कवडसा पडला.

तो हळूहळू सरकू लागला, तसा एकेक तुकडा जिवंत होत गेला. हत्तींची रांग. एका मदनिकेचा पाय, पैंजणाचा दाणा न् दाणा शाबूत. वर जावं तर हात तुटलेला, चेहरा फोडलेला. पुन्हा खाली पैंजण. मग कवडसा वरच्या बाजूला गेला आणि थांबला. सोंड, मांडी घातलेली, पण देह बाईचा. खाली उंदीरही. "गणेशी," बाबा म्हणाले. आईने हात जोडले आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "आरतीत आपण इतकी वर्षं हिला हाक मारलीच नाही की."

पार्वतीच्या नृत्याला शंकर भुलला म्हणून भुलेश्वर, ही गोष्ट बाबांनी सांगितली तेव्हा ताटली त्यांच्या हातात तशीच होती. दक्षिणा दिली तर म्हणाले, पिंडीपुढे ठेवा.

एका खांबावर कोणीतरी खिळ्याने नाव आणि बदाम कोरलाय. मूर्ती फुटल्या त्याला शतकं लोटली. हे नाव ताजं आहे, आपल्यातल्याच कोणाचं तरी. त्याचा मला जास्त राग आला. आईने त्यावरून पदर फिरवून बघितला. जाणार कसं?

उतरताना तिने माझा खांदा धरला नाही.

यवतच्या फलाटावर डबा उघडला. गाडीला उशीर होता, पण मेथीचे पराठे होते आणि सावली होती. आई म्हणाली, "सासवडचं संगमेश्वर इथून जवळच ना गं? पुढच्या महिन्यातला एक मंगळवार धरून ठेव."