कॉस्मो बिल्डिंग

सोमवार, रात्री सव्वाअकरा

तो 'हुश्श' काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

म्हटलं तर काहीच झालेलं नाही. जागा बघायला गेले, बघितली, आवडली, घरी आले. खिचडी गार होऊन तिचा गोळा झालाय आणि मी इथे वही उघडून बसलेय.

एजंट पोरगा जिन्यात पुढे, मी मागे गुडघे सांभाळत. लाकडी जिना, कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला. "मॅडम, पूरी कॉस्मो बिल्डिंग है, कोई टेन्शन नहीं." कॉस्मो म्हणजे कॉस्मोपॉलिटन. म्हणजे आडनाव विचारत नाहीत, आणि तुमच्या कढईत काय तळलं जातंय ते कुणी हुंगत नाही. मला तेच तर हवं होतं. गेले चार महिने भेटेल त्याला ऐकवतेय की बास झालं कोथरूड, आता पुण्याच्या लष्कर भागात, कॅम्पात राहणार, चार तऱ्हेच्या माणसांत. दादा नुसतं एवढंच म्हणाला, "झेपेल का तुला?" केवढी उखडले होते मी त्याच्यावर.

आणि जिना चढता चढता मी पाट्या वाचत होते.

तळमजल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान. पहिल्या मजल्यावर पारशी डॉक्टरांची पितळी पाटी. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, पाटी मात्र रोज पुसतात असं दिसतंय. समोर बोहरी कुटुंब, दाराबाहेर लहानमोठ्या चपलांची रास. दुसऱ्यावर ख्रिस्ती, नाताळातली चांदणी अजून उतरवलेली नाही. त्यांच्यासमोर मुदलियार. तिसऱ्यावर ही रिकामी जागा आणि तिच्यासमोरच्या दारावर कोकणातल्या एका गावाचं नाव, मागे 'कर'.

हुश्श.

मी केलं नाही, ते झालं. आतून. म्हणजे खालपासून वरपर्यंत मी पाट्या वाचत नव्हतेच. शोधत होते. आपलं कुणी आहे का ते.

तेवढ्यात दाराच्या उजव्या चौकटीवर नजर गेली. बोटाएवढी पितळी डबी ठोकलेली. एवढं मला कळतं, मेझुझा, ज्यू लोक दाराला लावतात ती. म्हणजे बेने इस्राएल, आपल्या कोकणातले ज्यू. आणि त्या सुटलेल्या 'हुश्श'मधला अर्धा मी परत आत घेतला. खरं सांगायचं तर मला तेच जास्त लागलंय. पहिल्यांदा सुटला तो एक वेळ सवयीचा म्हणू. परत घेतला तो कशाचा?

आजी लष्करातून आलेला पाव स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. बाबा बाहेरच्या खोलीत बसून खायचे, आम्हालाही तिथेच मिळायचा, वर पाणी पिऊन मग आत. आम्ही सगळी आजीला हसायचो. बाबांच्या स्कूटरवरून लष्करात गेलं की ते लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं लाल देऊळ दिसायचं आणि मी मागे बसून भक्तिभावाने हात जोडायचे. देऊळ म्हणतात म्हणजे देऊळच असणार. ते डेव्हिड ससूनने बांधवलेलं, 1867 सालचं, ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हा जोडलेले हात आजच्यापेक्षा बरे होते.

आणि मुळात माझं लष्कर ते काय? श्रूजबेरी बिस्किटांची रांग, ईस्ट स्ट्रीटवरची भटकंती, कधी बाबाजानच्या दर्ग्यावरून जाताना "केवढी शांतता आहे नाही इथे" असं म्हणायचं आणि रिक्षा करून नदीच्या अलीकडे परतायचं. खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी इथे छावणी टाकली आणि फौजेच्या मागोमाग दुकानदार आले, कंत्राटदार आले, आचारी आले, बँडवाले आले. पोटासाठी आलेली माणसं, मिळेल त्या शेजाराला राहिली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तुम्हाला 'विविधता' आवडते का. मीच एक हौशी. अठ्ठावन्नाव्या वर्षी शेजार निवडायला निघालेली.

ऑगस्टमधली आमच्या सोसायटीची सभा आठवली. ते जोडपं, त्याचं आडनाव, आणि भाडेकरूंबद्दलचा तो ठराव. मी हात वर केला नव्हता. खालीही ठेवला नव्हता म्हणा, पर्स उघडून चष्मा शोधत होते. असो, तो विषय आज नको.

आज तो नको, ह्यांच्या खुर्चीचं काय करायचं तेही नको. तिसऱ्या मजल्यावर ती चढवणार कोण? एकटीने जागा बघायला गेलं की असंच होतं, जरा कुणी ओळखीचं वाटलं की जीव भांड्यात पडतो. एवढं साधं असेल का ते? असलं तर बरं होईल.

तर मी त्या दारासमोर अशी उभी, आणि दार उघडलं. पंचाहत्तरीच्या मावशी, कॉटनची साडी, हातात चमचा. "जागा बघायला आलात? या, चहा टाकते."

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून, आणि हे लिहितानाही कान गरम होतायत, विचारलं, "इथे मराठी कुणी आहेत का हो?"

"मग मी काय फारसी बोलतेय?"

मग हसल्या. मी नाही हसू शकले. बशीत त्यांनी मलिदा आणून दिला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बेदाणे आणि कडेला केळ्याच्या चकत्या. तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला नातू झाला, त्याचा नवस होता. पोह्याचा दाणा न् दाणा सुटा, माझ्या हातून तसा कधी होत नाही. सासूबाई प्रार्थनेला जायच्या तर "मशिदीत जाऊन येते" म्हणायच्या, असं सांगत होत्या. मी दचकले तर म्हणाल्या, "अहो, मुंबईचं मशीद बंदर आमच्याच मशिदीवरून." मला लहानपणीचं लाल देऊळ आठवलं. ज्यूंच्या एकाच गोष्टीला आम्ही देऊळ म्हणणार, ते स्वतः मशीद म्हणणार, आणि मी पाट्या वाचत बसणार.

चहा झाल्यावर मावशींनी माझी उलटतपासणी घेतली. आडनाव, माहेर, मुलं कुठे, टीव्ही मोठ्याने लावता का. आधीचे भाडेकरू म्हणे रात्री दीडपर्यंत क्रिकेट. सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"बरं झालं बाई. मराठी बोलायला कुणीतरी येतंय. खालची सगळी चांगली आहेत हो, पण दिवसभर हिंदी बोलून जीभ दुखते."

आणि सोडला त्यांनीही. चांगला मोठा, ऐकू येईल असा. हुश्श.

मी बघतच राहिले. त्यात त्यांना काडीचीही लाज नव्हती. खालच्या पारशी बाईंना पडल्यावर ह्यांनीच दवाखान्यात नेलं, आठवडाभर ख्रिस्ती सूनबाईंनी डबा दिला, हे त्याच दमात सांगून झालं होतं. बोहऱ्यांच्या घरातही माझी बातमी एव्हाना पोचली असेल. बाई एकटी आहे, वयाची आहे, पार्किंग नको आहे. तिथेही कुणी हुश्श केलं असेलच.

मला अजून त्या परत घेतलेल्या अर्ध्याचं काही सुचलेलं नाही. त्याचं उत्तर मावशींकडे नाही, आणि त्यांना ते कधी सांगायची माझी हिंमतही नाही.

निघताना मावशींनी चौकटीवरच्या डबीला बोटं लावून ओठांना टेकवली आणि जिन्यापर्यंत आल्या. "सामान कधी आणताय? शनिवारी नको हं. धडाधड आवाज होतो, आमचा शब्बाथ असतो."

रात्री टेम्पोवाल्याला फोन केला. शनिवारचाच मोकळा आहे म्हणतो. रविवारचे सातशे जास्त. आधी दादाकडे रडगाणं गाणार होते, मग म्हटलं जाऊ दे, देऊन टाकू.